‘सोडलं’ म्हणण्याआधी: वाईट सवयी आणि जगिक ओढ मोडायची कशी

संजीवन सभेचा शेवटचा दिवस. उपदेश संपत आलेला, पेटीवर हळू सूर चाललेले, आणि उपदेशक विचारतात, “आज कोण कोण सोडणार?” भराभर हात वर जातात. रडणारी माणसं नाटक करत नसतात, त्यांचा पश्चात्ताप खराच असतो. तरी पुढच्या रविवारपर्यंत त्यांतल्या अनेकांच्या खिशात पुडी परत आलेली असते. मन हललं होतं, पण खिसा, घरी जायचा रस्ता, संध्याकाळची बैठक, मोबाइल, पगाराचा दिवस हे सगळं जसंच्या तसं राहिलं होतं.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांचा निश्चय झाला आहे आणि ज्यांना सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं ते हवं आहे. तुम्ही मिस्साला जाणारे असा की मंडळीच्या उपासनेला, यातल्या बहुतेक गोष्टी दोघांनाही लागू आहेत.

आधी ओळखा, हे पाप आहे, ओझं आहे की आजार

इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात धावणाऱ्याला दोन गोष्टी टाकायला सांगितल्या आहेत: भार आणि सहज गुंतवणारं पाप. दोन्ही वेगळी सांगितली आहेत. आपण मात्र सगळं एकाच गाठोड्यात बांधतो. मग मालिका पाहणं आणि बायकोवर हात उगारणं या दोन्हींसाठी सारखीच प्रार्थना करतो, आणि दोन्ही तशीच राहतात.

जे उघड पाप आहे (लाच, खोटे हिशेब, मारहाण, व्यभिचार, अश्लील चित्रफिती), त्यात ‘हळूहळू कमी करतो’ ही भाषा चालत नाही. आठवड्यातून एकदाच मारीन, असा संकल्प कुणी करत नाही. जे ओझं आहे (रील्स, क्रिकेट, खरेदी, सोनं, मानपान), ते मुळात वाईट नसतं. तिथे मर्यादा घातली तरी पुष्कळ काम होतं.

तिसरा प्रकार म्हणजे शरीराला लागलेलं व्यसन, आणि इथे जरा थांबून वाचा. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने एका झटक्यात दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, उलट्या, कधी फिट येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसू लागतात. हे जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला ‘तीन दिवस उपास-प्रार्थनेला बसव’ म्हणून खोलीत ठेवणं हा विश्वास नव्हे. आधी डॉक्टर, सोबत प्रार्थना. लूक स्वतः वैद्य होता, हे इथे आठवायला हरकत नाही. व्यसनमुक्तीसाठी 14446, तंबाखू सोडायला 1800-11-2356 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी नंबर मोफत आहेत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतं आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ 1935 साली अमेरिकेत ॲक्रन इथे सुरू झाली, तीच मुळी एका ख्रिस्ती संगतीच्या सवयींतून: कबुली, भरपाई, एकमेकांना सांभाळणं. तिच्या सभांना जाणं म्हणजे चर्चशी फितुरी, असं समजणारे लोक अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

एकच निवडा, आणि आठवडाभर नुसतं लिहून ठेवा

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आला की काही जण मटण, मासे, चहा, दारू, टीव्ही, राग असं सगळं एकदम सोडायला निघतात. दुसऱ्या शुक्रवारी काहीच उरलेलं नसतं. एक सवय घ्या. कुठली, ते कळत नसेल तर घरच्यांना विचारा. उत्तर तयारच असतं.

मग लगेच सोडायला जाऊ नका (अपवाद वरच्या उघड पापांचा, ती आजच थांबवायची). सात दिवस फक्त नोंद ठेवा. यासाठी मला जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची पद्धत सगळ्यात कामाची वाटते. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा शिपाई होता, त्यामुळे असेल, त्याचं सगळं कवायतीसारखं आहे. तो म्हणतो, एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताच आज त्यापासून सावध राहीन, असं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा तास न् तास आठवायचा आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके एका रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर तसंच. दिवसभरात पडलो की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत असलो तरी कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री वरची रेघ खालच्या रेघेशी ताडायची, मग आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

वहीची गरज नाही, कालनिर्णयच्या चौकोनातही दोन रेघा बसतात. मी त्यात एक भर सुचवीन. प्रत्येक ठिपक्याशेजारी एक अक्षर लिहा: ‘ए’ म्हणजे एकटा असताना, ‘मि’ म्हणजे मित्रांत, ‘भां’ म्हणजे भांडणानंतर, ‘कं’ म्हणजे कंटाळा आल्यावर. आठवडा संपला की चित्र समोर येतं. ‘मला रागाचा स्वभावच आहे’ म्हणणाऱ्याचे बहुतेक ठिपके संध्याकाळी सात ते नऊमध्ये, घरी आल्यावर जेवायच्या आधी पडलेले निघतात. आता निदान लढाईची जागा तरी कळली.

तरतूद तोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायाचं शेवटचं वचन म्हणतं, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासनांसाठी तरतूद करू नका. इ.स. 386 मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत, पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनने हेच वचन उघडून वाचलं आणि त्याचं आयुष्य फिरलं. त्याआधी कित्येक वर्षं हा हुशार माणूस ‘देवा, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना करत होता. वचन वाचल्यावर तो नुसता रडून थांबला नाही. ठरलेलं लग्न सोडलं, वक्तृत्व शिकवायची प्रतिष्ठेची नोकरी सोडली, आणि पुढच्या वर्षी ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. जुन्या आयुष्याकडे परत नेणारे रस्ते त्याने स्वतःच बंद केले.

आता तुमचे रस्ते बघा. तंबाखूवाल्याची तरतूद म्हणजे नुसती पुडी नव्हे. शर्टाच्या खिशातली चुन्याची डबी, गाडीच्या डिकीतली ‘इमर्जन्सी’ पुडी, कामावर ‘जरा मळ रे’ म्हणणारा जोडीदार, उधारीवर देणारा टपरीवाला, आणि जेवण झालं की आपोआप डाव्या तळव्यावर फिरू लागणारा उजवा अंगठा, ही सगळी तरतूद. एका संध्याकाळी बसून हे संपवा. डबी कचऱ्यात, पुडीतली तंबाखू मोरीत. नुसती पुडी टाकू नका, परत उचलली जाते. टपरीवर जाऊन उधारी चुकती करा आणि सांगा, “आता मला देऊ नका.” हे एक वाक्य बोलायला जितकी लाज वाटते तितकं ते उपयोगी पडतं. मळून देणाऱ्या दोस्तालाही तसंच. पहिला आठवडा सगळ्यात कठीण; चिडचिड होते, झोप बिघडते, डोकं दुखतं. निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो, डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात विश्वासाचा कमीपणा नाही.

मिश्रीचं वेगळं सांगायला हवं, कारण महिला मंडळात तिला व्यसन मानतच नाहीत. तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळी ‘दात घासायला’ म्हणून बोटावर घ्यायची. मग दुपारी, मग भांडी झाल्यावर. उंबऱ्यावर बसून तोंडात बोट घातलेल्या आजीला पाळकसाहेब नमस्कार करून पुढे जातात, आणि तिचा तरुण मुलगा मात्र व्यासपीठावरून बोलणी खातो. मिश्री तंबाखूच आहे. तोंडाच्या कॅन्सरला तीही कारण होते, आणि गरोदरपणात बाळाचं वजन घटवते. भाजायचा तवा आणि डबी घरातून गेली की निम्मं काम झालं. दाताला टूथपेस्ट किंवा साधं दंतमंजन ठेवा, नाहीतर सकाळी बोटाला काम उरत नाही आणि ते शेजारणीच्या डबीकडे वळतं.

मोबाइलचं लवकर सांगून टाकतो. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा, गजराला साधं घड्याळ आणायचं. ज्या ॲपमुळे पडता ते काढून टाकायचं, ‘बंद करून ठेवलंय’ पुरत नाही. छापील बायबल वापरायचं. उपासनेत बायबलचं ॲप उघडलं की वरून व्हॉट्सॲपचा निरोप सरकत येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पैसे लावून खेळण्याची सवय असेल तर बँकेचं ॲप आणि यूपीआय काही महिने घरच्या माणसाकडे द्यावं आणि हातात रोजच्या खर्चापुरती रोकड ठेवावी.

तरतूद तोडायला पैसे जातात, ते जाऊ द्या. इफिसमध्ये जादूटोणा करणाऱ्यांनी आपल्या पोथ्या आणून सगळ्यांदेखत जाळल्या, त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य भरली. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने हा आकडा मुद्दाम नोंदवला आहे. त्या पोथ्या विकता आल्या असत्या, आणि विकत घेणारा त्यांत अडकला असता. उरलेल्या बाटल्या भावाला ‘देऊन टाकणं’ त्याच जातीचं.

एका माणसाला सांगा, सगळ्यांना नको

याकोब सांगतो, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिकांकडे कुमसाराची, म्हणजे फादरजवळ पापं कबूल करण्याची, सोय आहे, तिचा उपयोग फक्त ईस्टर-नाताळच्या रांगेपुरता करू नका. शक्यतो एकाच फादरकडे, महिन्या-दोन महिन्यांनी, त्याच सवयीबद्दल जाऊन बोला. मग ते पुढची गोष्ट विचारू शकतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही सोय नाही असं म्हणतात, पण मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1738 साली लहान गटांसाठी नियम लिहिले होते. आठवड्यातून एकदा भेटायचं, पुरुषांचे आणि स्त्रियांचे गट वेगळे, आणि दर वेळी साधारण हेच विचारायचं: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कुठलं पाप केलंत? कुठले मोह समोर आले? त्यांतून कसे सुटलात? असं काही केलंत, बोललात, मनात आणलंत का, ज्याबद्दल हे पाप की नाही अशी शंका आहे? दोन माणसं पुरतात. हे प्रश्न कागदावर लिहून दर गुरुवारी रात्री फोनवर विचारले तरी चालतं.

माणूस नीट निवडा. त्याचं तोंड बंद राहायला हवं, हे पहिलं. शक्यतो तुमच्याच लिंगाचा, आपल्यापेक्षा थोडा पुढे गेलेला, आणि धक्का न बसणारा. बायको किंवा नवरा ही जबाबदारी घ्यायला तयार असतो, पण त्याच्यावर पहारेकऱ्याचं काम टाकलं की संसार बिघडतो. प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर साक्ष द्यायची घाई तर अजिबात नको. ‘माझ्या भावाने दारू सोडली, हालेलुया’ असं तिसऱ्या दिवशी जाहीर झालं की त्या भावाला पडल्याचं सांगायला जागाच उरत नाही. साक्ष वर्षभराने दिली तरी देवाचं काही अडत नाही.

रिकामी जागा आणि तलफेची पाच मिनिटं

लूकच्या 11व्या अध्यायात येशू सांगतो, अशुद्ध आत्मा बाहेर जातो, परत येऊन पाहतो तर घर झाडलेलं, सजवलेलं, मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. झाडून घर रिकामं ठेवणाऱ्याचं हेच होतं. दारू सुटते आणि त्याच वेळेत मटका येतो, किंवा दिवसभर दुसऱ्यांचे दोष मोजण्याची सवय लागते. त्या सवयीला चर्चमध्ये ‘आत्मिक’ म्हणण्याचीही रीत आहे.

म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. पहिली, तलफ आली की काय करायचं. तलफेची लाट बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं काम लागतं: जागेवरून उठायचं, पाणी प्यायचं, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची, त्या एका माणसाला मिस्ड कॉल द्यायचा, आणि पाठ केलेलं एक वचन मोठ्याने म्हणायचं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा साधू प्रत्येक वाईट विचाराला परत बोलायला शास्त्रातलं एकेक वचन निवडून ठेवायचा. अरण्यात येशूनेही सैतानाला तसंच उत्तर दिलं. वचन तुमच्या सवयीला लागू पडणारं निवडा. रागीट माणसाला नीतिसूत्रे 15:1 (मृदू उत्तराने राग शमतो) जितकं कामाला येईल तितकं सृष्टीच्या उत्पत्तीचं वचन येणार नाही.

दुसरी, तो रोजचा वेळ आणि ते पैसे कुठे जाणार. इफिसकरांस पत्रात चोराला नुसतं ‘चोरी सोड’ म्हटलेलं नाही, तर कष्ट कर म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं म्हटलं आहे. रोज 40 रुपयांच्या पुड्या लागत असतील तर महिन्याचे 1200 होतात. ते बरणीत टाका आणि महिनाअखेरीला एखाद्या मुलाच्या शिकवणीची फी भरा. चर्चला द्यायच्या दशांशात धरू नका, हे त्याच्या वरचे आहेत.

सवयीने कुणाचं नुकसान झालं असेल तर भरपाईही इथेच. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. आपल्याला चौपट झेपणार नाही, मुद्दल तरी द्या. भावाच्या हिश्श्याची जमीन बळकावून रोज पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्याला कुठली पायरी सांगायची, मला सुचत नाही.

पाप नसलेली ओढ

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं. पण त्यांचं सोडणं तिथे संपलं नाही. 1917 मध्ये, नाव झालेलं असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात सोवळं-ओवळं, जात, वेगळी चूल हे त्यांच्यातून एकेक करून कसं गळत गेलं ते त्यांनी आपल्या आठवणींत फार मोकळेपणाने लिहिलं आहे. दोन्ही मार्ग खरे. टिळकांसारखं झटक्यात सोडता येत नाही म्हणून तुमची भक्ती उणी ठरत नाही.

त्याच आठवणी वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते: टिळकांच्या उदारपणाची झळ घरात लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. म्हणून देऊन टाकण्याआधी घरच्यांशी बोला. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, देवाला वाहिलेलं, म्हणून त्यांना नाकारणाऱ्यांना येशूने मार्कच्या 7व्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे.

ओढ ओळखायची एक सोपी परीक्षा: कशासाठी तुम्ही खोटं बोलाल? काहींचं उत्तर सोनं असतं, काहींचं मुलाचे मार्क, काहींचं फ्लॅटचा हिशेब. आणि चर्चमध्ये फार जणांचं उत्तर पद असतं. पंचमंडळीतली खुर्ची, ट्रस्टचं सेक्रेटरीपण, गायनमंडळातली पुढची जागा. दारू सोडलेली माणसं पाहिली, पण मुदत संपल्यावर शांतपणे किल्ल्या पुढच्याकडे देणारा सेक्रेटरी क्वचितच दिसतो. पदावर असाल तर आजच मुदतीची तारीख ठरवून पाळकांना लेखी द्या, आणि हाताखाली एकाला तयार करा. वस्तूंची ओढ असेल तर जी गेल्याने खरंच चुटपुट लागेल अशी एक वस्तू महिन्याला कुणाला तरी द्या, गाजावाजा न करता. नवीन घ्यायची इच्छा झाली की तारीख लिहा आणि तीस दिवस थांबा.

लग्नसराईत काय करायचं, हे वसई-गोव्याकडचे हटकून विचारतात. यजमानाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी घेत नाही. हातात सुरुवातीपासून सोडा किंवा कोकम सरबताचा ग्लास ठेवा. रिकामा हात दिसला की लोक भरायला धावतात. टोस्ट झाला, जेवण झालं, की निघा. पहिलं वर्षभर नाचाला थांबू नका. आणि बसायचंच तर वयस्कर मावश्यांच्या टेबलावर बसा, तिथे बाटली क्वचित पोचते आणि गप्पाही जास्त रंगतात.

पडलात तर त्या दिवशी

येशूच्या शिष्यांपैकी पेत्राने त्याला तीनदा नाकारलं आणि यहूदाने विकलं. पस्तावा दोघांनाही झाला. पेत्र बाकीच्या शिष्यांत राहिला आणि किनाऱ्यावर येशूला भेटला, यहूदा एकटा गेला. म्हणून पडल्यावर एकटं राहायचं नाही. त्याच दिवशी ठिपका द्या, झोपण्यापूर्वी त्या माणसाला फोन करा, आणि दोघं मिळून एकच गोष्ट शोधा: तरतूद कुठून आत आली? ती वाट दुसऱ्या दिवशी बंद करा. पुढच्या उपवासकाळाची किंवा 1 जानेवारीची वाट पाहू नका. ‘नव्वद दिवस झाले होते, सगळे वाया गेले’ हा हिशेबही चुकीचा आहे. इग्नेशियससारखा आठवडा आठवड्याशी ताडा.

मारहाणीत मात्र पडणं म्हणजे नुसता ठिपका नव्हे. तिथे आधी बायको-मुलांची सुरक्षितता. तिने माहेरी जावं, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा, आणि पाळकांनी तिला ‘क्षमा कर, घरी जा’ म्हणून परत पाठवू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द. रोज खिसे तपासू नका, रोज तोंडाचा वास घेऊ नका. माणूस सोडण्याऐवजी लपवायला शिकतो. महिला मंडळात प्रार्थनेची विनंती म्हणून नाव घेऊन सांगू नका. घरखर्चाचे आणि मुलांच्या फीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा. विचारायचं असेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी जेवण झाल्यावर विचारा, आणि त्याने पडलो म्हटलं तर निदान त्या रात्री तरी भांडू नका.